अकरा वर्षांचे रविवार

"तुमच्या खेळाडूंच्या पायात धड बूट नाहीत, तुम्हाला मैदान कशाला?" असं म्हणत नगरपालिकेच्या कारकुनाने मैदान व्यापाऱ्यांच्या क्लबला दिल्याचा कागद पुढे सरकवला.

थोर्वालच्या मस्तकात तिडीक गेली. कोपनहेगनच्या गोदीत कोळसा उतरवणाऱ्या त्याच्यासारख्या हमालांनी फुटबॉल क्लब काढला होता आणि तीन वर्षं दर रविवारी खपून उकिरड्याची जागा सपाट केली होती.

तो तडक मैदानावर गेला आणि कुदळीने हिरवळ उखडू लागला. "आम्हाला नाही, तर कोणालाच नाही!"

त्याची बायको मारेन धावत आली आणि तिने कुदळ धरली. "आपल्याच घामावर घाव घालतोस? रविवारी येऊ दे त्यांना. मग बघू."

रविवारी व्यापाऱ्यांचा संघ आला, तेव्हा गोदीतली दोनशे माणसं बायकापोरांसकट मैदानात ठाण मांडून बसली होती. पोलीस ओरडून दमले. कोणी हललं नाही.

जागा हमालांच्या क्लबच्या नावावर व्हायला अकरा वर्षं लागली. तेवढ्या काळात थोर्वालचा राग निवला नाही, आणि मारेनने एकाही रविवारी मैदान रिकामं राहू दिलं नाही.