बदल्यात काय?

व्यालेली कुत्री सकाळपासून एका जागी ठरत नव्हती. पिल्लांपाशी जाई, परत फिरे, धापा टाकी. दुपारी तिचे पाय ताठले, सर्वांग थरथरू लागले. तेव्हा सासूबाईंनी तिला उचलून पशुवैद्यांचा दवाखाना गाठला. मागोमाग तान्ह्याला खांद्यावर टाकून सून धावली.

"डॉक्टर, हिनं विषबीष तर खाल्लं नाही ना?"

"नाही आजी. पिल्लांना पाजता पाजता अंगातलं कॅल्शियम आटलंय हिचं." शिरेत सुई सरकवीत त्यांनी विचारले, "खायला काय देता?"

"बिनहाडाचं उकडलेलं मांस. पोट बिघडतं म्हणून बाकी सगळं मीच बंद केलं."

"बरं. आणि त्याच्या बदल्यात काय सुरू केलंत?"

सासूबाई कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. औषध थेंबाथेंबाने आत जात होते, कुत्रीची थरथर ओसरत होती. समोरच्या बाकावर सून एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी दाबीत होती. "आई, पायांत फार वांब येतात हो, पोटऱ्या आखडतात," असे ती कालच म्हणाली होती आणि "बाळंतिणीचे चोचले!" म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेले होते.

"घरात आणखी कुणी पाजणारी आहे का?" डॉक्टरांनी हात धुता धुता विचारले. "असेल तर तिच्याही खाण्याकडे बघावं लागेल."

सासूबाईंनी बाकाकडे पाहिले.

"आहे," त्या म्हणाल्या. "बाळाला सोसत नाही म्हणून तिचं दूध-दही बंद केलंय. तेही मीच."