नातसुनेला दाखवलेलं शहर

"तलाव नको," नाथा म्हणाला. "गाडी वागळे इस्टेटला घे."

प्रशांतने ब्रेकवर पाय ठेवला. तो भाड्याची गाडी चालवायचा आणि कोपरीत नाथाच्याच मालकीच्या चाळीत भाडेकरू होता, त्यामुळे जपून बोलायचा. "आबा, पोरगी पहिल्यांदा आलीय. मासुंदा बघेल, उपवन बघेल..."

"तलाव बघायला ती काय बदक हाय?"

मागच्या सीटवर कृतिका हसली. नाथा हसला नाही.

कृतिका त्याच्या नातवाची, कमलेशची, होणारी बायको. जन्म मेलबर्नचा, आई साताऱ्याची. कंपनीच्या कामाला लंडनला निघाली होती. मुंबईत विमान बदलायचं होतं आणि दुसरं विमान थेट रात्री. कमलेशने फोन करून सांगितलं होतं, "आबा, दिवसभर मोकळी आहे ती. आपलं शहर दाखवा तिला." नाथा बरं म्हणाला आणि काय दाखवायचं ते त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कमलेशचे आईबाप अपघातात गेले तेव्हापासून नाथाने आणि त्याची बायको सगुणाने त्याला वाढवलेला. तो मेलबर्नला गेला, आणि दर गणपतीला "पुढच्या वर्षी नक्की" एवढंच ऐकू येऊ लागलं. मग एक दिवस म्हणाला, लग्न ठरवलंय. साखरपुडाही तिकडेच उरकला. नाथा इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसला होता. ऐन अंगठी घालताना चित्र थिजलं ते थिजलंच. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात जाळ होता. पोरगा कधीच आला असता. हिनेच धरून ठेवला. ही सुटली की पोरगा घरी.

वागळे इस्टेटच्या एका गल्लीत पत्रे कापत होते. कानठळ्या बसत होत्या. कृतिकाने काच खाली केली.

"आबा, हा आवाज घरापर्यंत येतो?"

"येतो ना," नाथा म्हणाला. कोपरी तिथून रुळांच्या पार पलीकडे होती. प्रशांत खोकला.

पुढे शिळफाट्याला गाडी अडकली. ट्रकच्या धुराने समोरचं दिसेना. एरवी शिव्या घालणारा नाथा आज मांडी घालून निवांत बसला.

"रोज असंच असतं? म्हणजे इथून ऑफिसला जायचं म्हटलं तर?"

"सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वक्ताला पोचतो. पोचला तर."

"आणि पाणी? रोज येतं?"

"येतं कधीमधी. गढूळ."

नाथाचं रक्त उकळत होतं. घरात पाऊल नाही टाकलं आणि उलटतपासणी बघा. नाक मुरडायला आली आहे राणीसाहेब.

फोन वाजला. सगुणा होती. "जिताडा तळून ठेवलाय, भाकऱ्या गार होतान. कवा येतंस?"

"टाइम नाय गावणार. डायरेक विमानतळावर सोडतो."

"पोर पयल्यांदा आली नं ओटी न भरता पाठवतंस? गावदेवीला नारळ काढून ठेवलाय मी. डोकं फिरलंय का तुझं?"

नाथाने फोन बंद केला. ओटी भरली, गावदेवीला नेली, की ती घरची झाली. मग कोण तोडणार?

"आजींचा होता ना?" कृतिका पुढे वाकली. "आबा, मला घर बघायचं होतं. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल."

"घरात काम काढलंय. लादी उखडलीय सगळी."

तिने मान हलवली. टपरीवरचा वडापाव तिने धुळीतच उभ्याने खाल्ला.

तिथून डोंबिवली. तिथे कारखान्यांच्या मागचा नाला दाखवला. मग कल्याण, मग विठ्ठलवाडी. तिथलं काळं पाणी बघताना तिने नाकाला ओढणी लावली. नाथाला मनातून बरं वाटलं.

"लहान मुलं कुठे खेळतात इथली?"

"इथंच. दवाखान्यात जाऊन येऊन असतात."

परतीच्या वाटेवर हळूच म्हणाली, "कमलेश सांगतो, त्याच्या लहानपणी तुम्ही मिठागरात काम करायचात. त्याला खांद्यावर बसवून तिकडे न्यायचात. ती जागा आहे अजून?"

खाडीकडे वळलं की दहा मिनिटांत जागा. संध्याकाळी तिथे बगळे उतरतात. प्रशांतने गाडी हळू केली, वळायचं का म्हणून बघितलं.

"बुजली," नाथा म्हणाला. "सरळ घे."

विमानतळावर तिने वाकून नमस्कार केला. डोळे लाल होते. धुराने असतील. "तुम्ही दोघं इथे कसे राहता हो आबा?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

"आबा, हे बरं नाही केलंत," गाडी वळवताना प्रशांत म्हणाला.

"गाडी चालव. भाडं वाढवीन नायतर."

मुलुंडच्या आसपास मोबाइल वाजला. कमलेश. नाथाने शर्टाची कॉलर सारखी केली. आता रडेल, मग आपण समजूत काढू, मग म्हणू ये घरी.

"बोल रं बाला. पोचवली तुझी पाहुणी. काय म्हणतेय?"

कमलेशचा आवाज उतरलेला होता.

"आबा, तुम्हाला सांगितलं नव्हतं. उगाच आशा लावून ठेवायची नव्हती. मे महिन्यात लग्न करून आम्ही दोघं कायमचे कोपरीला राहायला येणार होतो. कल्पना तिचीच. मीच म्हटलं, आधी एकदा बघून ये, राहणं जमेल का. आत्ता तिचा फोन आलेला. नाही जमणार म्हणते."