लागलं की हात वर

गणराजच्या डाव्या कोपराखाली छरा लागून उडालेला वासिफने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. गणराजने हात वर केला नाही. उलट माडाच्या बुंध्याआडून वाकून त्याने वासिफलाच टिपलं.

वासिफला छरा बरगडीवर झोंबला. त्याने मुकाट हात वर केला आणि कुंपणाशी जाऊन बसला. त्याला शिसारी आली होती.

एअरसॉफ्टचा नियमच तसा. प्लास्टिकच्या छऱ्याचा डाग पडत नाही, म्हणून लागलं की ज्याचं त्याने हात वर करून बाहेर व्हायचं. सगळा खेळ इमानावर. बंदुका भाड्याने देणाऱ्याने हे समजावलं, तेव्हा सगळ्यांत आधी मान डोलावली होती ती गणराजनेच.

दोघे दिवेआगरच्या शाळेपासूनचे दोस्त. गणराज न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला, सुट्टीला गावी येणारा. वासिफ कतारहून कायमचा परतलेला. वादळात वासिफची अर्धी वाडी आडवी झाली होती. त्या मोकळ्या जागेत आधी रविवारचा छंद म्हणून खेळायचं, आणि जमलं तर पर्यटकांसाठी दोघांच्या भागीत मैदान काढायचं, असं ठरलं होतं. भागीचा कागद वकिलाकडे तयार होता. एअरसॉफ्ट की पेंटबॉल, एवढंच ठरायचं बाकी होतं.

खेळ संपल्यावर सगळे गणराजच्या ओसरीवर बसले. चहा आणायला उशीर झाला, कारण त्याची भावजय पूनम गावची आशा सेविका, आणि गावात घरोघरी तपासणी चालू होती. अंगावर फिकट चट्टे आहेत का ते बघायचं, तर बायका दाखवतात आणि पुरुष फाटकातूनच नाही म्हणतात, अशी तिची तक्रार. घरचे भावजीसुद्धा त्यातलेच, असंही ती म्हणाली. गणराज नुसता हसला.

स्टीलचा पेला इतका कढत होता की वासिफने तो रुमालात धरला. गणराजने मात्र डाव्या मुठीत पेला धरून एअरसॉफ्टची तरफदारी चालवली होती. कपडे खराब होत नाहीत, बंदूक खरीखुरी वाटते, पेंटबॉल म्हणजे नुसती रंगपंचमी.

"तुला आज लागलाच न्हाय?" वासिफने विचारलं.

"एकदा लागला ना, पाठीत. तवाच गेलो मी भायेर."

डोळ्यांत डोळे घालून म्हणाला. खोटं बोलणारे वासिफने कतारात पुष्कळ पाहिले होते, पण ते निदान नजर तरी चुकवत. शितावरून भाताची परीक्षा. जो रविवारच्या खेळात हात वर करत नाही, तो उद्या धंद्यात काय करेल? पुढच्या रविवारी पेंटबॉल खेळायचं, असं त्याने तिथेच जाहीर केलं. रंग काही खोटं बोलत नाही.

पेंटबॉलचा मार मोठा असतो. अल्पेश नावाच्या त्यांच्या मित्राला पहिलाच गोळा मांडीवर बसला. तो शिव्या देत, लंगडत बाहेर गेला. वासिफ मात्र गणराजच्याच मागावर होता. बुंध्याआडून त्याचा डावा हात दिसला आणि वासिफने जवळून नेम धरला.

गोळा फुटला. कोपरापासून मनगटापर्यंत हिरवा रंग ओघळला.

गणराजने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पुढे धावला आणि आणखी एकाला टिपून मोकळा झाला.

वासिफने सगळ्यांना थांबायला लावलं, तोंडावरचा मुखवटा काढून फेकला आणि गणराजचं मनगट धरून हात त्याच्याच नाकासमोर नेला.

"ह्ये काय हाय?"

गणराज त्या रंगाकडे बघत राहिला. "ह्यो कधी लागला?" तो म्हणाला.

वासिफ तिथेच थुंकला. असली गेंड्याची कातडी आपण जन्मात पाहिली नाही, भागीचा कागद उद्याच फाडतो, आणि वाडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं त्याने चारचौघांत सुनावलं. गणराज कानकोंडा झाला. आपल्याला खरंच कळलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ते ऐकून तर वासिफला आणखीच किळस आली.

पूनम तपासणीवरून परतताना सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली होती. तिने ओल्या फडक्याने गणराजचा हात पुसला. रंगाखाली गोळ्याचा लालभडक वळ उठला होता. वळाभोवती भाकरीएवढी कातडी फिकट पडलेली होती.

"यार्डातल्या उन्हानं आलंय ते," गणराज म्हणाला.

पूनमने तपासणीच्या पिशवीतून पेन काढलं.

"भावजी, डोळे मिटा. टोचलं की हात वर करा."

गणराजने ओशाळं हसून डोळे मिटले. पूनमने पेनाचं टोक त्या फिकट कातडीवर टेकवलं, मग दाबलं. जरा बाजूला सरकून पुन्हा दाबलं, कातडी खोल दबेपर्यंत. तिथे निळा ठिपका उमटला. वासिफ बघत होता.

गणराज डोळे मिटून शांत उभा होता.

"टोचा ना मग, वहिनी," तो म्हणाला.