तगरीचा पाला

सकाळी पनवेलच्या दवाखान्यातून फोन आला, चंद्रावती गेली. दादूने फोन ठेवला आणि बायकोच्या बरणीकडे बघितलं. वीत घालत चालणारी तिची अळी काडीसारखी ताठ उभी होती, आतला पाला वाळला होता. ही फक्त तगर खाते आणि हिचा हिरवा पतंग होतो, असं चंद्रावती सांगायची. तो उडताना तिला बघायचा होता. दादू खाली जाऊन तगरीचा कोवळा पाला तोडू लागला. शेजारची गुणाबाई तिथेच फुलं काढत होती. "पाल्यानं पूजा करतोस काय रं? चार फुलं घे की!" "आज देवाला फुलं नाय चालायची, गुणाबाय." तिचा हात फांदीवरच थांबला. "सुतक?" दादूने मान खाली घातली. वर येऊन त्याने पाला बरणीत टाकला. अळी वाकली आणि खाऊ लागली. उलव्याला दिलेल्या लेकीला त्याने अजून कळवलं नव्हतं.