शेवटची दोन मिनिटं

मध्यम लहरींवरचं ते रेडिओ केंद्र दुपारी बारा वाजता कायमचं बंद होणार होतं. एकतीस वर्षं हवामान, बाजारभाव आणि श्रोत्यांची पत्रं वाचणाऱ्या निवेदिकेने शेवटची दोन मिनिटं खांबवाल्या दादांसाठी राखून ठेवली होती. गाणाऱ्यांची नावं रोज घेतली जायची. पण वादळवाऱ्यात मनोऱ्यावर चढून केंद्र चालू ठेवणाऱ्या या माणसाचं नाव कुणाच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही. दादा गेल्या वर्षी वारले. वहिनींना तिने शब्द दिला होता.

केंद्राच्या साहेबांना तेवढीही कळ निघाली नाही. मेल्यांना निरोपाचे फोटो काढून घ्यायची घाई! त्यांनी दोन मिनिटं आधीच ट्रान्समीटर बंद करायला लावला. तिला ते कळलं, तेव्हा तिचं सगळं बोलून झालं होतं.

तिने डोळे पुसत वहिनींना फोन लावला. "वहिनी, माफ करा. माझं बोलणं बाहेर गेलंच नाही."

"काहीतरीच काय! शब्दन् शब्द ऐकला की. पोट भरलं गं माझं."

"अहो, पण ट्रान्समीटर बंद होता!"

"असेल बाई. तू आठवण ठेवलीस, भलं होवो तुझं. आता फोन ठेव, मला ऐकू दे."

"आता काय ऐकताय?"

वहिनींनी रिसीव्हर रेडिओजवळ नेला. आयुष्यात कधी माइकसमोर न बसलेल्या दादांनी तिकडे घसा खाकरला, आणि अडखळत, एकेक शब्द जुळवत, ते तिचे आभार मानू लागले.