धनीरामची पारख

“इथं थांबव. भर चढावर.”

ताराचंदकाकांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. खुशबूने ब्रेक दाबला. एकोडीच्या तलावाच्या पाळीवर, निम्म्या चढात, सात शिटांची पांढरी व्हॅन थांबली. मागे ठेवलेले, धानाने भरलेले दोन कट्टे सरकले.

“आता इंजिन बंद कर.”

“काकाजी, हे गाडी हाय, खोंड नाही,” मधल्या शिटावरून तिचा भाऊ सचिन म्हणाला.

“म्हणूनच म्हणून राहिलो. खोंड बसला तं शेपटी पिळता येते. हिचं काय पिळशील?”

सचिनची बायको रुपा तोंडाला पदर लावून हसली. तिच्या पलीकडे गाडीचा मालक अश्वजित बसला होता. त्याचा साकोलीला फोटो स्टुडिओ होता आणि पाच लग्नसराया त्याने याच गाडीने काढल्या होत्या. तोही हसला, पण रुमालाने मान पुसत.

खुशबूने किल्ली फिरवली. सगळं शांत झालं. पाळीखालच्या बांध्यांत कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते, तिथून कोणीतरी काम थांबवून वर पाहत होतं.

तिला ही गाडी हवी होती. भंडाऱ्याच्या शाळेत ती शिकवत होती, तिथे राहायला दोन खोल्या होत्या, पण आई एकोडी सोडायला तयार नव्हती. शेताची आठवण आली आणि बस नसली तर काय करू, हा तिचा प्रश्न. बाबांना जाऊन दहा महिने झाले होते. तेव्हापासून आई रात्र रात्र खाटेवर नुसती जागी बसून असे. गाडी असली तर सोमवारी भंडारा, शनिवारी एकोडी. खुशबूने हे सगळं चारदा समजावलं होतं. परवा पहिल्यांदा आईने नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, “तुह्या बापानं पास केली असती, अशी असंल तं घे.”

बाबांनी, म्हणजे धनीरामने, जन्मात मोटार घेतली नव्हती. त्यांनी बैल घेतले होते. नऊ जोड्या, आणि एकही फसली नाही. दर वेळी धाकटे भाऊ ताराचंद सोबत असत. म्हणून आज परीक्षेला काका.

सकाळीच त्यांनी रीत सांगितली होती. “आधी दात पाहाचे, मंग खूर. मंग बैल जुपून भरली बंडी पाळीवर चढवाची, मधातच थांबवाची अन् पुन्हा हाकाची. वहिनी मागं कट्ट्यांवर बसे, वजनाले. पाळीच्या त्या टोकाले गेलं का धनीराम मागं वळून पाहे. चाकोरी सरळ उमटली का वाकडी, ते पाहे. मंग म्हणे, ‘घेतली.’ नाहीतर, ‘सोडली.’ तिसरा शब्द नाही.”

दातांच्या ऐवजी काकांनी टायरच्या खाचांत बोटं घालून पाहिली होती. ते झालं होतं. आई, सुलोचनाबाई, मागच्या शिटावर कट्ट्यांजवळ जाऊन बसली होती.

“हाक आता,” काका म्हणाले.

खुशबूने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. रुपाने सचिनचा दंड धरला. खुशबूने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन घुमलं, मुरूम मागे उडाला आणि व्हॅन वर निघाली. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई येत होती. खुशबूने गाडी अलगद बाजूला घेतली, पुन्हा मधोमध आणली. बारावीच्या निकालाच्या दिवशीही तिला एवढी धास्ती वाटली नव्हती. आरशात पाहायचं तिला भान नव्हतं. पाळीच्या टोकाला गाडी थांबली तेव्हा सचिनने चक्क टाळ्या वाजवल्या.

काका खाली उतरले. त्यांच्यामागे खुशबू आणि मधल्या शिटावरचे तिघेही. इंजिन तसंच सुरू होतं. काकांनी कमरेवर हात ठेवून मागे, मुरमावर उमटलेल्या चाकांच्या खुणा पाहिल्या.

“चाकोरी वाकडी हाय,” ते म्हणाले. “अन् पयल्या हाकेले उठली नाही.”

“बाई आली ना आडवी,” सचिन म्हणाला.

“बॅटरी टाकून देतो ना मी नवी,” अश्वजित म्हणाला.

“मले काहून सांगता? धनीराम असता तं ‘सोडली’ म्हणाला असता.”

खुशबू गाडीकडे वळली, मागचं सरकतं दार हळूच उघडलं. आईनेच काय ते सांगावं.

“आई...”

सुलोचनाबाईंचं डोकं काचेला टेकलं होतं. एक हात कट्ट्यावर होता. तोंड किंचित उघडं. इंजिन थरथरत होतं, त्याबरोबर त्यांच्या बांगड्याही बारीक वाजत होत्या, पण डोळे मिटलेले होते.

सचिन हाक मारणार होता. काकांनी त्याचं मनगट धरलं. ते दारातून आत वाकून पाहत राहिले.

“असीच राहे,” ते अगदी हळू बोलले. “कधी टक्क जागी, बंडीचा दांडा धरून. कधी असी, कट्ट्याले टेकून झोपलेली.” त्यांनी मुरमावरच्या खुणांकडे पाहिलं, मग पुन्हा वहिनीकडे. “अन् मी तीस वर्सं समजून राहिलो का तो चाकोरी पाहे.”

अश्वजितने इंजिन बंद करायला पुढच्या खिडकीतून हात घातला.

“हात नोको लावू,” काका म्हणाले.

सगळे चोरपावलांनी आत बसले. खुशबूने क्लच अगदी सावकाश सोडला. गाडी हलली. मग खुशबू एकदा मागे वळली, कट्ट्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली,

“घेतली.”