वारस

धाकट्याने वचनचिठ्ठी लिहून देऊन उसने घेतलेले पैसे बुडवले, म्हणून थोरल्याने त्याच्यावर दावा ठोकला. तेव्हापासून दोघे सख्खे भाऊ कोर्टाबाहेरच्या एकाच बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसत आणि पुढची तारीख पडली की वेगवेगळ्या जिन्यांनी उतरत. आता साक्षी सुरू होणार, तेवढ्यात धाकटा गेला.

"दावा पुढे चालवायचा तर त्याच्या जागी वारस दाखवावे लागतील," थोरल्याचा वकील पेनाचं टोपण काढत म्हणाला. "बायको?"

"लग्नच नाही केलं गाढवाने."

"आईवडील?"

"ते कधीच गेले."

"म्हणजे मागे कुणीच नाही त्याला?"

थोरला तडकला. "कुणी नाही कसं? मी आहे ना!"